सायकलच्या स्पीडोमीटरची दुरुस्ती आणि सानपाडा–बेलापूर फेऱ्यांच्या नोंदी

शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२५

सानपाड्याहून सीबीडी बेलापूरला कामावर जाण्यासाठी मी पाम बीच मार्गाने सायकल चालवतो. सायकलच्या हँडलवर सहा वर्षांपूर्वी बसवलेला, तारेने जोडलेला साधा स्पीडोमीटर आहे. आज संध्याकाळी किल्ला चौक सोडून घराकडे निघालो तेव्हा त्यावरचा वेगाचा आकडा १७ वरून थेट शून्यावर आला. पुढे अक्षर चौकाजवळ तो काही क्षण पुन्हा दिसला आणि मग घर येईपर्यंत आला-गेला करत राहिला. परतीचे अंतर रोज ८.७ किमीच्या आसपास भरते. आज यंत्राने फक्त ३.९ किमी मोजले.

इमारतीच्या पार्किंगमध्ये सायकल उभी करताना एक गोष्ट लक्षात आली. पुढचे चाक उचलून हाताने फिरवत असताना हँडल किंचित डावीकडे वळवले की आकडा येतो आणि सरळ केले की जातो. बिघाड सेलमध्ये असता तर हँडलच्या वळण्याशी त्याचा संबंध राहिला नसता, त्यामुळे तार कुठेतरी तुटत आली असावी असा माझा पहिला अंदाज आहे. नवा स्पीडोमीटर घेणे सोपे आहे, पण हा सहा वर्षे रोज बरोबर आहे आणि त्यात एकूण ११,८४२ किमीची नोंद आहे. तो स्वतः दुरुस्त करायचा आणि दुरुस्त झाल्यावर रोजच्या फेऱ्यांची वही नीट ठेवायची, असे ठरवून या नोंदी सुरू करत आहे.

रविवार, २ मार्च

सर्वांत आधी एकूण अंतराचा आकडा कागदावर लिहून घेतला, कारण या यंत्रातला सेल काढला की आतली स्मृती पुसली जाते. सेल सीआर २०३२ जातीचा आहे. या नावातच त्याचे माप आहे, म्हणजे व्यास २० मिमी आणि जाडी ३.२ मिमी. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी आयुष्यभर रेडिओदुरुस्ती केली आहे. त्यांच्याकडून मल्टिमीटर मागून आणला. सेल २.७ व्होल्टपर्यंत उतरला होता, नवा ३.२ व्होल्ट दाखवत होता. सेल बदलला, तरी वेग शून्यच राहिला.

या यंत्राचे काम समजून घेतले तर बिघाड शोधणे फारसे कठीण राहत नाही. पुढच्या चाकाच्या एका स्पोकवर छोटे चुंबक बसवलेले असते आणि फोर्कवर, म्हणजे सायकलवाले ज्याला चिमटा म्हणतात त्यावर, एक सेन्सर असतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात चुंबक सेन्सरसमोरून जाते, सेन्सरमधला बारीक स्विच क्षणभर मिटतो आणि तारेवाटे हँडलवरच्या यंत्राला एक ठोका पोहोचतो. यंत्र फक्त दोन ठोक्यांमधला वेळ मोजते आणि चाकाच्या परिघाला त्या वेळेने भागते. ताशी २० किमी वेगाला माझे चाक सेकंदाला साधारण अडीच फेरे घेते, त्यामुळे ठोकेही तेवढेच.

याचा अर्थ ठोका हातानेही देता येतो. यंत्र बैठकीतून काढून त्याच्या पाठीवरचे दोन धातूचे ठिपके सेफ्टी पिनने जोडायचे आणि सोडायचे. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर मी एकेक ठोका देत गेलो. यंत्रात परीघ २१६८ मिमी भरलेला आहे. सेकंदाला एक फेरा म्हणजे सेकंदाला २.१६८ मीटर, म्हणजेच ताशी ७.८ किमी. तीन-चार ठोक्यांनंतर पडद्यावर ७.८ उमटले आणि हात जरा मागेपुढे झाला की ७.६ किंवा ८.० होत राहिले. यंत्र ठणठणीत असल्याची याहून चांगली खात्री मला हवी नव्हती.

मग तारेकडे वळलो. मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर (जोडणी अखंड असली की तो वाजतो) ठेवून त्याची दोन टोके बैठकीच्या दोन पिनांना लावली, चुंबक सेन्सरसमोर धरले आणि तार बोटांनी इंचाइंचाने वाकवत गेलो. फोर्क जिथे हँडलच्या दांड्याला मिळतो, त्या वाकणापाशी आवाज तुटत होता. काका शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “तिथेच काप. पण आतलं तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापत जा, नाहीतर महिन्याभरात परत माझ्याकडे येशील.” तार कापली तर आतले तांबे काळपट-हिरवे पडलेले होते. घासायला टाकलेल्या जुन्या तांब्याच्या भांड्यावर दिसतो तसाच तो थर होता. खाडीच्या कडेने रोज ये-जा करणाऱ्या सायकलच्या बाबतीत हे अपेक्षितच म्हणावे लागेल. चार सेंटिमीटर कापल्यावर चांगले तांबे लागले.

एवढ्यावर काम भागेल असे वाटले होते, परंतु चांगली तार जोडून पाहिल्यावरही आवाज मध्येच चिकटून राहत होता, म्हणजे चुंबक दूर नेले तरी थांबत नव्हता. सेन्सरचे प्लास्टिकचे कवच खालच्या टोकाला तडकलेले होते. उघडल्यावर आत ओल, स्विचची गंजलेली पाय-तार (टोकातून बाहेर येणारी तार) आणि त्याच्या काचेच्या नळीवर केसाएवढी चीर दिसली. तार आणि स्विच, दोन्ही बदलायला हवेत.

शनिवार, ८ मार्च

हार्बर लोकलने कुर्ला, तिथून दादर आणि पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड असा प्रवास करून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असले, तरी इलेक्ट्रॉनिक सुटे भाग घ्यायला जाणारा प्रत्येक जण जुनेच नाव घेतो. एका अरुंद दुकानात रीड स्विच, म्हणजे सेन्सरमधला तो बारीक स्विच, मागितला तेव्हा दुकानदाराने विचारले, “नॉर्मली ओपन ना?”, म्हणजे चुंबक नसताना उघडा राहणारा, आणि काचेच्या छोट्या नळ्यांची पुडी पुढे सरकवली. पुडीतले चार स्विच घेतले, शिवाय दोन पदरी बारीक वायर, हीटश्रिंक नळी (तापवली की आकसून वायरीवर घट्ट बसते ती) आणि सोल्डरिंगसाठी रोझिन, म्हणजे राळ, घेतले. पुडी खिशात ठेवताना त्याने पुन्हा बजावले, “पाय वाकवताना काचेला जोर लागू देऊ नका, साहेब.”

हा स्विच मला फार आवडतो. १९३६ साली अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवूड यांनी तो शोधला. सुमारे १४ मिमी लांब काचेच्या नळीत लोखंड-निकेलच्या दोन चपट्या पट्ट्या समोरासमोर बसवलेल्या असतात. त्यांची टोके एकमेकांवर येतात, पण मध्ये केसाएवढी फट असते. नळीत निष्क्रिय वायू भरून ती सीलबंद केलेली असते, त्यामुळे आतला स्पर्शबिंदू गंजत नाही. चुंबक जवळ आले की दोन्ही पट्ट्या चुंबकित होऊन एकमेकींना ओढतात, दूर गेले की स्वतःच्या ताठपणाने सुटतात. ओलाव्यापासून त्याला खरे संरक्षण त्या काचेचे असते, आणि माझ्या सेन्सरमध्ये नेमकी तीच फुटली होती.

रविवार, ९ मार्च

पहिला स्विच मी फोडला. पाय काटकोनात वाकवताना पक्कड टोकाकडे धरली होती, त्यामुळे सगळा ताण काचेच्या कडेवर आला आणि बारीक टक असा आवाज झाला. दुकानदाराने सांगितलेले शब्द तेव्हा नीट कळले. बरोबर पद्धत अशी की काचेला लागून दोन-तीन मिलिमीटर पाय सोडून तिथे बारीक तोंडाची पक्कड घट्ट धरावी आणि पकडीच्या पलीकडचा भाग वाकवावा, म्हणजे वाकण्याचा जोर पकडीवर येतो आणि काचेपर्यंत पोहोचत नाही. दुसरा स्विच या पद्धतीने एका प्रयत्नात वाकला.

सोल्डरिंगसाठी २५ वॅटची गन वापरली. आधी वायरच्या टोकांना आणि स्विचच्या पायांना वेगवेगळे कथील चढवून घेतले, मग दोन्ही एकत्र धरून गनचे टोक दोन सेकंद टेकवले. साठ-चाळीस प्रमाणातले कथील-शिसे १८३ ते १९० अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे जास्त वेळ उष्णता द्यायची गरज पडत नाही. दिली तर काच आणि धातूचा सांधा सैल होण्याचा धोका असतो. उष्णता काचेकडे जाऊ नये म्हणून मध्ये पक्कड धरून ठेवली. हीटश्रिंक नळी मात्र सोल्डर करण्याआधीच वायरीवर ओवून ठेवावी लागते. एका वायरीवर ती ओवायची राहिली, तो सांधा सोडवून पुन्हा करावा लागला आणि त्यात अर्धा तास गेला.

जुन्या कवचाऐवजी बॉलपेनच्या पोकळ दांडीचा २२ मिमीचा तुकडा कापून घेतला. स्विचवर आधी पातळ नळी चढवली, म्हणजे डिंक आळताना काचेवर थेट ओढ बसणार नाही, मग तो दांडीत सरकवून दोन्ही टोके दोन भागांच्या इपॉक्सीने बंद केली. घरात बाथरूमच्या फटींसाठी आणलेले सिलिकॉन होते. ते वापरायचा मोह आवरला, कारण सुकताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून आम्ल सुटते आणि त्याने तांबे खराब होते. बैठकीच्या दोन पिनांवरचा हिरवा थर आधी खोडरबराने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने साफ केला. इपॉक्सी पूर्ण कडक होण्यासाठी सेन्सर खिडकीत ठेवला आहे.

शुक्रवार, १४ मार्च (धूलिवंदन)

सुट्टी असल्याने सकाळी रंग सुरू होण्यापूर्वी सेन्सर फोर्कवर बसवला. चुंबक आणि सेन्सर यांत ३ मिमी अंतर ठेवले. वायर ब्रेकच्या केबलभोवती सैल गुंडाळत हँडलपर्यंत नेली आणि फोर्कच्या वाकणापाशी मुद्दाम एक मोकळा वळसा सोडला, कारण जुनी तार ताणलेली होती म्हणूनच तिथे तुटली. चाक फिरवले. आकडा शून्य.

मल्टिमीटर लावून चाक हळूहळू फिरवले, तरी चुंबक समोरून जाताना आवाज येत नव्हता. सेन्सर काढून हातात धरून चुंबक जवळ नेले तर स्पष्ट आवाज येत होता. सांधे ठीक, वायर ठीक, स्विच ठीक, आणि जागेवर बसवले की काम बंद. यात जवळजवळ दीड तास गेला. चुंबक उलटे करून पाहिले, अंतर कमी करून एक मिलिमीटरवर आणले, तरी काही उपयोग झाला नाही.

शेवटी उरलेल्या दोन सुट्या स्विचपैकी एक टेबलावर ठेवला, त्याला मल्टिमीटर जोडला आणि सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला चुंबक हातात देऊन सांगितले की ते स्विचच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश न्यायचे. तिने दोनदा नेले आणि थांबली. “बाबा, मध्ये आलं की आवाज बंद होतो. टोकांजवळ वाजतं, बरोब्बर मध्ये नाही वाजत.” मी स्वतः करून पाहिले, तसेच होते. सात-आठ मिलिमीटरच्या फरकाने आवाज सुरू आणि बंद होत होता.

कारण समजल्यावर ते इतके सरळ वाटले की दीड तास ते दिसले कसे नाही याचेच नवल वाटले. माझ्या चुंबकाचा ध्रुव सेन्सरकडे तोंड करून आहे. तो ध्रुव स्विचच्या बरोबर मध्यावर आला की दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या टोकांत एकाच जातीचे चुंबकत्व उतरते, आणि सारखे ध्रुव एकमेकांना ओढत नाहीत. ध्रुव एका टोकाकडे सरकला की चुंबकत्व एका पट्टीतून दुसरीत लांबीच्या दिशेने वाहते, आतली टोके विरुद्ध ध्रुवांची होतात आणि स्विच मिटतो. जुन्या सेन्सरच्या कवचावर एक उभार रेघ होती आणि ती मध्यावर नव्हती, एका बाजूला सरकलेली होती. चुंबक कुठून जायला हवे हे दाखवणारी ती रेघ मी सहा वर्षे पाहत होतो, पण तिचा अर्थ आज लागला.

सेन्सर फोर्कवर ६ मिमी खाली सरकवला. चाक फिरवताच आवाज आला. दहा फेरे मोजून फिरवले, दहा वेळा आवाज झाला, एकही कमी नाही आणि एकही दुप्पट नाही. पेनच्या दांडीवर योग्य जागी पांढऱ्या नेलपॉलिशची रेघ मारून ठेवली, म्हणजे पुढे कधी सेन्सर हलला तर पुन्हा शोध घ्यावा लागणार नाही. केबल टाय घट्ट केले आणि मुलीबरोबर खाली रंग खेळायला गेलो.

रविवार, १६ मार्च

आज परीघ मोजला. माझे टायर ७०० × ३५ मापाचे आहेत आणि त्यासाठी माहितीपुस्तिकेतल्या तक्त्यात २१६८ मिमी दिलेले आहेत. सहा वर्षांपूर्वी मी तेच डोळे झाकून भरले होते. पण टायरवर माणसाचे वजन आले की ते खाली दबते आणि चाक एका फेऱ्यात थोडे कमी अंतर कापते.

सोसायटीत रंगकाम सुरू आहे, तिथल्या ठेकेदाराकडून पंधरा मीटरची टेप घेतली. पुढच्या टायरचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून फरशीवर खडूने खूण केली, पाच फेरे सरळ रेषेत पुढे गेलो आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली आल्यावर दुसरी खूण केली. सायकल नुसती ढकलत नेली तेव्हा अंतर १०.८३ मीटर आले, म्हणजे एका फेऱ्याला २१६६ मिमी, जवळजवळ तक्त्याएवढेच. नंतर मी सायकलवर बसलो, मुलीने सीट धरून तोल सांभाळला आणि तेच पाच फेरे घेतले, अंतर १०.७४ मीटर भरले. तीनदा करून एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला नाही. एका फेऱ्याला २१४८ मिमी. हवा ६० वरून ४० पीएसआयपर्यंत कमी करून पुन्हा मोजले तर २१४० आले, त्यामुळे दर सोमवारी हवा तपासण्याचे एक नवे कारण मिळाले.

२१६८ आणि २१४८ मधला फरक एक टक्क्याहून थोडा कमी आहे. रोजच्या एका फेरीत तो ८० मीटरचा होतो, त्याने काही बिघडत नाही. पण ११,८४२ किमीत तो १०९ किमी होतो. या यंत्रात एकूण अंतर हाताने भरता येते. जुना आकडा जसाच्या तसा भरावा असे क्षणभर वाटले, कारण तो ओळखीचा झाला होता. तरीही ११,७३३ भरला. न कापलेले अंतर कापले म्हणून मिरवणारा आकडा माझ्या हँडलवर नको.

शुक्रवार, २१ मार्च

पाच दिवसांत एकदाही आकडा तुटला नाही. नोंद एवढीच.

रविवार, ३० मार्च (गुढीपाडवा)

१७ ते २८ मार्च या दोन आठवड्यांत नऊ दिवस सायकलने गेलो, एक दिवस पाहुण्यांमुळे लोकलने. सकाळी घरून कार्यालयापर्यंत ८.५८ किमी आणि संध्याकाळी ८.७१ किमी अंतर भरते. परतीला दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने मोराज सर्कलकडून आत यावे लागते, म्हणून हा फरक. नऊ दिवसांचे एकूण १५५.६ किमी.

वहीत दोन वेळा वेगवेगळ्या लिहितो. एक यंत्राची वेळ, जी चाक थांबले की थांबते, आणि दुसरी मनगटी घड्याळाची, दारापासून दारापर्यंतची. सकाळी यंत्राची वेळ सरासरी २६ मिनिटे १० सेकंद, म्हणजे ताशी १९.७ किमी, घड्याळाने ३२ मिनिटे. संध्याकाळी २९ मिनिटे ४० सेकंद, ताशी १७.६ किमी, घड्याळाने ३६. दोन्ही वेळा सहा मिनिटे मी चक्क उभा असतो. जोर लावून सकाळचा वेग ताशी दोन किलोमीटरने वाढवला तरी अडीच मिनिटेही वाचत नाहीत, आणि टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या सिग्नलला एकदा लाल दिवा लागला की तेवढा वेळ तिथेच जातो. इतकी वर्षे उशीर झाला की पायांना दोष देत होतो. वहीतल्या या दोन रकान्यांमुळे ती समजूत गेली.

संध्याकाळी परतताना मी खाडीच्या, म्हणजे कांदळवनाच्या बाजूने असतो आणि टी. एस. चाणक्य परिसराजवळ कधी कधी रोहित पक्षी पाहायला थांबतो. चाक थांबले की मोजणी थांबत असल्याने सरासरी वेगाला त्याने धक्का लागत नाही. घड्याळाच्या रकान्यात मात्र तो वेळ येतो आणि त्यापुढे मी “रोहित” असे लिहून ठेवतो.

हिशेबातली एक चूक इथे नोंदवून ठेवतो, कारण ती मी स्वतः केली. २५ मार्चला सकाळी वेग २१.० आणि संध्याकाळी १५.३ होता. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले तर १८.१५ येते, पण दिवसाची खरी सरासरी १७.७ आहे, कारण कमी वेगाने चालवण्यात जास्त वेळ गेला आणि त्या वेळेचे वजन जास्त धरायला हवे. एकूण अंतराला एकूण वेळेने भागावे. वेगांची सरासरी काढू नये.

शुक्रवार, ११ एप्रिल

फोनमधला जीपीएस आणि स्पीडोमीटर यांची एक आठवडा तुलना केली. सकाळच्या फेरीला फोन सरासरी ८.६६ किमी दाखवतो, स्पीडोमीटर ८.५८. पाम बीच मार्गाच्या मोकळ्या, सरळ पट्ट्यात दोघांचे आकडे जवळपास जुळतात. फरक पडतो तो सिग्नलवर आणि बेलापूरच्या उंच इमारतींमध्ये. उभे असतानाही फोनला आपली जागा थोडी थोडी सरकल्यासारखी वाटते आणि ते सरकणे अंतरात जमा होते. चाक स्थिर असेल तर स्पीडोमीटर काहीच मोजत नाही. रस्ता कोणता घेतला हे फोनच सांगू शकतो, पण अंतरासाठी मी चाकाचाच आकडा धरणार आहे.

शुक्रवार, २५ एप्रिल

संध्याकाळच्या वेळांत एवढी चढउतार का होते हे एप्रिलभर पाहत होतो. २७ मिनिटांपासून ३४ मिनिटांपर्यंत वेळ बदलते. सकाळी असा फरक क्वचित पडतो. वाऱ्याचा संशय होता, पण वारा मोजायचे साधन नव्हते. ते किल्ला चौकातच सापडले. महानगरपालिकेच्या मुख्यालयासमोर उंच स्तंभावर मोठा राष्ट्रध्वज असतो. निघताना त्याच्याकडे पाहून वहीत तीनपैकी एक शब्द लिहायचा असे ठरवले: लोंबता, अर्धा, ताणलेला.

पंधरा संध्याकाळच्या नोंदी झाल्या. ध्वज लोंबता होता त्या चार दिवसांची यंत्रावरची सरासरी २७ मिनिटे, अर्धा फडकत होता त्या पाच दिवसांची साडेएकोणतीस आणि पूर्ण ताणलेला होता त्या सहा दिवसांची ३३ मिनिटे २० सेकंद. ताणलेला असताना तो बहुतेक वेळा आग्नेयेकडे झेपावत होता, म्हणजे वारा वायव्येकडून. बेलापूरहून सानपाड्याकडे जाताना माझे तोंड वायव्येलाच असते. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापली की समुद्राकडून येणारा वारा संध्याकाळपर्यंत टिकतो आणि माझी घरी जायची वेळ नेमकी तीच आहे.

वाऱ्याचा अडसर एवढा का जाणवतो तेही आकड्यांत मांडून पाहिले. हवेचा विरोध हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मी ताशी १८ किमीने जात असेन आणि समोरून १० किमीचा वारा असेल, तर अंगावर येणारी हवा २८ किमीची होते आणि विरोध जवळपास अडीचपट. वेग त्याच प्रमाणात कमी होत नाही याचे कारण मी नकळत जास्त जोर लावतो आणि घामाने भिजून घरी पोहोचतो.

शुक्रवार, १६ मे

सूर्यास्तानंतर समुद्रवारा मंदावतो, म्हणून गेले तीन आठवडे साडेसहाऐवजी सव्वासातला निघून पाहिले. दुपारी वारा जोरात असलेल्या दिवशीही संध्याकाळची वेळ ३० मिनिटांवर आली. पुढचा आणि मागचा दिवा लावावा लागतो. तेवढे सोडले तर हा बदल टिकवण्यासारखा आहे.

सोमवार, २६ मे

आज मुंबईत मान्सून दाखल झाल्याची घोषणा झाली. सकाळी मुसळधार पावसात निघालो आणि मोराज सर्कलच्या पुढे दोन किलोमीटरवर आकडा शून्य झाला. क्षणभर सेन्सरमध्ये पाणी गेले असेल अशी धास्ती वाटली. कार्यालयाच्या आवारात यंत्र बैठकीतून काढून पुसले, रुमालाने दोन पिना कोरड्या केल्या आणि चाक फिरवले तर आकडा आला. म्हणजे सेन्सर कोरडा होता. बैठकीच्या पिनांमध्ये पाणी साचल्याने दोन्ही पिना जोडल्या जात होत्या आणि यंत्राला स्विच सतत मिटलेला वाटत होता. घरी आल्यावर पिनांवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवला. पिना यंत्राच्या ठिपक्यांवर दाबून बसतात तिथून ते बाजूला सरते आणि भोवतीच्या जागेत पाणी धरू देत नाही.

शुक्रवार, १३ जून

व्हॅसलीननंतर पावसात आकडा तुटलेला नाही. आज सेन्सर काढून उजेडात पाहिला. इपॉक्सीला चीर नाही, दांडीच्या आत बाष्प नाही, फोर्कजवळचा वळसा मऊ आहे. पुढचा टायर झिजल्यामुळे गेल्या रविवारी नवा टाकला, तो थोडा जाड भरला आणि पाच फेऱ्यांचे अंतर १०.७९ मीटर आले. यंत्रात २१५८ भरले. उरलेले दोन स्विच कापसात गुंडाळून औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवले आहेत आणि डबीवर मुलीने स्केचपेनने लिहिले आहे: “मध्ये नाही, टोकाजवळ.”

आजचा एकूण आकडा १२,५३४.